शिबं दर पावसाळ्यात परत येतं? या क्रमानं तपासून बघा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे पुढचं तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

पाठीवर, छातीवर, मानेमागे, खांद्यांवर, दंडांवर डाग. मसुराच्या दाण्यापासून रुपयाच्या नाण्याएवढे. सावळ्या अंगावर ते फिकट दिसतात, गोऱ्या अंगावर तांबूस किंवा तपकिरी. कधी एकाच माणसाच्या मानेवर फिकट आणि कपड्याखाली गडद असे दोन्ही असतात. शेजारचे डाग एकमेकांत मिसळले की नकाशासारखी वेडीवाकडी कड तयार होते. खाज बहुधा नसते, घाम आला की थोडी चुणचुण होते. उन्हातून आल्यावर डाग जास्त उठून दिसतात, कारण आजूबाजूची कातडी रापते आणि डाग तसेच राहतात. लहान मुलांत हे कपाळावर आणि गालांवरही येतं. मेच्या उकाड्यात सुरू होतं, पावसाळ्यात पसरतं, थंडीत त्याचा विसर पडतो आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच.

एवढं जुळत असेल तर ते बहुतेक शिबं आहे. 'बहुतेक' म्हणते, कारण पहिल्या तीन तपासण्या त्यासाठीच आहेत.

मी चिपळुणात औषधाचं दुकान चालवते, बावीस वर्षं झाली. मृग लागला की रोज दोन-चार जण तरी सदऱ्याची कॉलर खाली ओढून मान दाखवतात. त्यातले निम्मे गेल्या वर्षीचेच असतात. दुबईत साईटवर काम करणारी आपल्याकडची मुलं पाठीचे फोटो पाठवतात, तिथल्या दमट उन्हाळ्यातही हेच चालतं. इतक्या वेळा तेच तेच पाहिल्यावर कळलं की औषध सहसा चुकत नाही. चुकतो तो क्रम. लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि पहिली पायरी कधी चढतच नाहीत.

मुळात हे काय आहे

शिबं करणारं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी, कुठून लागलेलं नसतं. मॅलासेझिया नावाचं हे यीस्ट तुमच्या, माझ्या, जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगावर राहतं. २०१३ साली संशोधकांनी निरोगी माणसांच्या अंगावरच्या वेगवेगळ्या जागांची बुरशी तपासली, तेव्हा धडावर आणि हातांवर जिथे तिथे मॅलासेझियाचंच राज्य दिसलं. तऱ्हेतऱ्हेची बुरशी सापडली ती फक्त पायाला, म्हणजे टाचा, नखं आणि बोटांच्या बेचक्यांत.

त्याचं अन्न म्हणजे तेल. स्वतःपुरती स्निग्धाम्लं त्याला बनवता येत नाहीत. २००७ साली त्याच्या एका प्रजातीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा ती बनवण्याचं जनुकच त्यात नसल्याचं दिसलं. म्हणून ते आपल्या तेलग्रंथींच्या आधारानं जगतं. वयात आल्यावर त्या ग्रंथी जाग्या होतात, म्हणूनच शिबं सगळ्यांत जास्त दिसतं ते पंधरा ते तिशीच्या मुलामुलींत. पाठ, छाती आणि डोकं या तेलकट जागा, म्हणून वस्तीही तिथेच. एरवी हा शेजारी निरुपद्रवी असतो, उलट थोडा उपयोगीच. त्याचं एक एन्झाइम स्टॅफिलोकोकस नावाच्या त्रासदायक जिवाणूंचे चिकट थर मोडतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

बिघाड होतो तो ऊब, घाम आणि तेल एकत्र साचलं की. एरवी गोल असलेल्या पेशी धागे काढतात आणि कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात पसरतात. पसरताना जी रसायनं सोडतात त्यांत अझेलेइक आम्ल असतं, ते कातडीचा रंग तयार होण्याचं काम मंदावतं. वांगावरच्या मलमांत घालतात ते हेच आम्ल. डाग फिकट का पडतो याचं एक कारण हे.

शिबं करणारी बुरशी जर्मनीत आइशटेट यांनी १८४६ साली ओळखली. फ्रान्समध्ये मालासे यांनी १८७४ साली डोक्यातल्या कोंड्यात हे यीस्ट पाहून त्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावावरून पुढे त्याला नाव मिळालं. शिबं आणि कोंडा ही एकाच घरची दुखणी आहेत, हे पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि घरोघरी त्यांच्यावरूनच मनं दुखावतात. शिबं अस्वच्छतेमुळे होत नाही. आणि ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, कारण दुसऱ्याच्या अंगावर ते यीस्ट आधीच असतं. मुलीचं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं करू नका. दोन वेळा अंघोळ करणाऱ्या मुलाला 'नीट घासत नाहीस' म्हणून बोलू नका. घासणीनं किंवा वजरीनं रगडल्यावर कातडी सोलवटते आणि यीस्ट तिथेच राहतं.

पहिली तपासणी: नख

याला काही खर्च नाही, उजेड तेवढा हवा. डागावर बोटाच्या नखानं हलकेच एक रेघ ओढा, ओरखडा उठेल इतकी जोरात नको. किंवा दोन बोटांनी कातडी ताणून धरा. शिबं चालू असेल तर रेघेवर पिठीसारखा बारीक कोंडा उभा राहतो. खरवडण्याआधी डाग गुळगुळीत वाटतो आणि नख फिरल्यावर तांदळाच्या पिठाचं बोट लागल्यासारखं दिसतं. अंघोळीनंतर लगेच बघू नका, ओल्या कातडीवर ते दिसत नाही.

ही तपासणी एवढी महत्त्वाची का? कारण नुसत्या रंगावरून यीस्ट जिवंत आहे की मेलं ते कळत नाही, कोंड्यावरून कळतं. कोंडा निघतोय म्हणजे यीस्ट पसरतंय, औषध हवं. डाग फिकट आहे पण कोंडा निघत नाही आणि तुम्ही नुकतंच औषध केलंय, म्हणजे यीस्ट गेलं आणि रंग भरून यायचा राहिलाय. त्याला औषध नाही, वेळ लागतो. दुकानात 'औषध लागू पडत नाही' म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांचं शिबं प्रत्यक्षात बरं झालेलं असतं, आणि ते बऱ्या झालेल्या कातडीवर तिसरं मलम चोळत असतात.

दुसरी तपासणी: कापूस

हीसुद्धा फुकटच, आणि चुकवू नये अशी. कापसाची बारीक वात करा. माणसाला डोळे मिटायला सांगा. एकदा डागावर, एकदा शेजारच्या चांगल्या कातडीवर वात हलकेच टेकवा आणि लागलेलं कळलं की तिथे बोट ठेवायला सांगा. शिब्यात स्पर्श अगदी शाबूत असतो.

डागावर स्पर्श कळत नसेल, कमी कळत असेल, डाग कोरडा असून तिथे घाम येत नसेल किंवा तिथली लव गेली असेल, तर इथेच थांबा. पुढचं काही करू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा, कारण कुष्ठरोगाची सुरुवात अशी होऊ शकते. घाबरून लपवण्याचं काहीही कारण नाही. गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात. मात्र उशीर झाला तर नसांना होणारी इजा भरून येत नाही. म्हणून फिकट डाग दाखवायला आलेल्या प्रत्येकाला मी ही वात करायला सांगते, शिबं असल्याची खात्री वाटत असली तरीही.

तिसरी तपासणी: रंग आणि कड

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी दुकानात कोणी नाहीसं पाहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, बाहेर उकाडा मी म्हणतोय आणि हिनं ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली. आईनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "ताई, हे कोड तर नाही ना हो?" त्या घरात तीन महिने झोप नव्हती. स्थळ बघायचं थांबवलं होतं, आणि घरातल्या कोणी तरी मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याचा ठपका मुलीवर ठेवला होता. मी तिला ट्यूबलाइटखाली उभं केलं आणि मानेवर नख फिरवलं. पिठी उठली. ती आईला दाखवली आणि वात करून स्पर्शही पाहिला. मुलीनं ओढणी काढून काउंटरवर ठेवली. जाताना ती तिथेच विसरली, आई परत येऊन घेऊन गेली.

कोडाचा डाग दुधासारखा किंवा खडूसारखा पांढराशुभ्र असतो. कड स्पष्ट असते, कोंडा नसतो, कधी डागावरचे केसही पांढरे होतात. ओठ, डोळ्यांभोवती, बोटांची टोकं, कोपर, गुडघे या त्याच्या नेहमीच्या जागा. शिब्याचा डाग पांढरा नसतो, फिकट असतो. कोड हाही काही कलंक नाही, पण त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते त्वचारोगतज्ज्ञांनीच करायचे असतात.

गजकर्ण किंवा नायट्याला उचललेली लाल कड असते, मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो आणि खाज झोपू देत नाही. ती वेगळी बुरशी आहे. ती एकाची दुसऱ्याला लागते, तिथे टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवावेच लागतात. लहान मुलांच्या गालांवर कोरडे फिकट चट्टे येतात आणि घरातले लगेच जंताचं औषध देतात. ते बऱ्याचदा शिबंही नसतं आणि जंतही नसतात, नुसता कोरडेपणा असतो. साधं मॉइश्चरायझर लावून काही आठवडे वाट पाहा, नाहीच गेलं तर डॉक्टरांना दाखवा. पायांच्या बोटांतल्या चिखल्या हा निराळाच विषय, त्या इथे घेत नाही.

चौथी तपासणी: तेल, घाम, कपडे

आपल्याकडे खोबरेल तेल म्हणजे अर्धं औषध, आणि माझ्या आजीनं लावलेल्या तेलाच्या मायेबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असेल तर काय करतात ते ऐका. ताटलीतल्या खाद्यावर ऑलिव्ह तेल घालतात. तेल नसेल तर त्याच्या बहुतेक प्रजाती वाढतच नाहीत. शिबं आलेल्या पाठीला रात्री तेल चोळून झोपणं म्हणजे त्याच्यापुढे ताट वाढून ठेवणं. शिबं असेपर्यंत पाठीला आणि छातीला तेल नको, दाट मलईसारखी क्रीमही नकोत. डोक्याला तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी तासभर, आणि मानेवर ओघळू देऊ नका.

मग कपडे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आणि अर्धवट ओली बनियन अंगावरच वाळेल म्हणून घालतात. दिवसभर ओलसर ऊब मिळते ती तिथेच. नायलॉनच्या घट्ट टी-शर्टऐवजी सुती सैल कपडे घाला. तालमीतून किंवा क्रिकेट खेळून आल्यावर घामाचा सदरा बदला. बनियन पंख्याखाली पूर्ण वाळवा, शक्य असेल तर इस्त्री फिरवा. रिक्षावाले आणि दिवसभर पाठीला सॅक लावून फिरणारी डिलिव्हरीची मुलं यांच्या पाठीवर सॅकच्या किंवा सीटच्या आकारात शिबं पसरलेलं मी पाहिलंय.

एवढ्यानं शिबं बरं होणार नाही. पण एवढं केलं नाही तर पुढचा खर्च दर दोन महिन्यांनी करावा लागेल.

पाचवी तपासणी: घरातला औषधांचा डबा

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं.

डबा उघडा आणि डागांवर आजवर जे जे लावलं त्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा. मोठं नाव वाचू नका, बारीक अक्षरांतला घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि स्टेरॉइड अशी खिचडी एकाच ट्यूबमध्ये असते, आणि शेजाऱ्यापासून जावेपर्यंत सगळे तीच सुचवतात. दोन दिवसांत बरं वाटतं, कारण स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते. पण ती दबते म्हणजे कातडीची पहारेकरी फळीच झोपते. बुरशी आत आरामात पसरते आणि ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते. गजकर्णात तर यानं होणारे हाल बघवत नाहीत. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे व्रण पडतात, चेहऱ्यावर लव वाढते.

२०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं नावानिशी शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. मी देत नाही, आणि त्यावरून गिऱ्हाईक रागावून निघून गेलेलं मला चालतं. चिठ्ठी न मागता कुणी अशी ट्यूब पुढे केली तर ती घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आधीच बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. चेहऱ्यावर लावत असाल तर नक्कीच विचारा, कारण एकदम थांबवल्यावर चेहरा लाल होऊन आग होते.

त्याच डब्यात आणखी एक बघा. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिनसारखं अँटिबायोटिक बरेच दिवस चाललंय का? दोन्हींमुळे या यीस्टला मोकळं रान मिळतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना डागांबद्दल सांगा.

लिंबू चोळणं, ब्लीच करणं, व्हिनेगर लावणं हेही थांबवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळे चट्टे पडतात, मग शिबं बाजूला राहतं आणि तेच निस्तरत बसावं लागतं.

सहावी पायरी: शाम्पू, पण अंगाला

इथे पहिल्यांदा पैसे खर्च होतात, तेही बेताचे.

किटोकोनॅझोल २ टक्के किंवा सेलेनियम सल्फाइड २.५ टक्के असलेला शाम्पू. बाटलीवर कोंड्याचा शाम्पू लिहिलेलं असतं, म्हणून लोक म्हणतात, "पाठीला शाम्पू कशाला? मलम द्या." कारण साधं आहे. मलमाची ट्यूब पंधरा-वीस ग्रॅमची असते आणि पाठ केवढी तरी मोठी. मलम फक्त दिसणाऱ्या डागांना लागतं, आणि यीस्ट न दिसणाऱ्या जागीही पसरलेलं असतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातली गत. डाग दोन-चारच असतील तर क्लोट्रिमॅझोलसारखं साधं मलम दोन आठवडे, डागाच्या कडेबाहेर बोटभर लावून चालतं. पसरलेलं असेल तर शाम्पूच.

लावायची पद्धत नीट वाचा, निम्म्या चुका इथे होतात. मंगळसूत्र, साखळी, बांगड्या काढून ठेवा, सेलेनियमनं दागिने काळवंडतात. अंग ओलं करा. मानेपासून कंबरेपर्यंत पुढून-मागून आणि दंडांना कोपरापर्यंत शाम्पू लावा, नुसत्या डागांना नको. पाठीला हात पोचत नाही, तेव्हा घरातल्या कुणाची तरी मदत घ्या. हात पोचला नाही तिथूनच दर वर्षी सुरुवात होते. मग थांबा. किटोकोनॅझोल असेल तर पाच मिनिटं, सेलेनियम असेल तर दहा. साबणासारखं लगेच धुऊन टाकलं तर औषध गटारात जातं. घड्याळ लावा. मग स्वच्छ धुवा. किटोकोनॅझोल रोज एकदा, पाच दिवसांपर्यंत. सेलेनियम रोज एकदा, सात दिवस. डोळ्यांत जाऊ देऊ नका. कातडी फाटलेली, चिरलेली असेल तिथे लावू नका. आग झाली तर धुऊन थांबवा. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा लहान मुलासाठी हवं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्याच आठवड्यात डोकंही त्याच शाम्पूनं धुवा, कोंडा असो वा नसो. डोकं हे या यीस्टचं मोठं माहेर आहे. अंग साफ केलं आणि डोकं तसंच ठेवलं तर पुन्हा खाली उतरायला वाट मोकळी राहते.

त्याच यीस्टची दुसरी दुखणी

डोक्यात कोंडा, भुवयांत आणि नाकाच्या कडांना तेलकट पिवळसर पापुद्रे, कानामागे लाली, पुरुषांच्या दाढीत आणि छातीवर तसंच. इथे यीस्ट धागे काढत नाही. ते आपलं तेल फोडून खातं आणि मागे उरलेली ओलेइक आम्लासारखी स्निग्धाम्लं काहींच्या कातडीला झोंबतात. म्हणूनच तेच यीस्ट दोघांच्या डोक्यावर असून कोंडा एकालाच होतो. किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे लावा. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा. 'कोंडा कायमचा घालवा' असं कुणी सांगत असेल तर पैसे जपा. तो आटोक्यात ठेवायचा असतो.

दुसरं, पाठीवर, छातीवर आणि कपाळाच्या केसांच्या कडेला एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या, ज्या खाजतात. मुरमं सहसा अशी खाजत नाहीत आणि एकसारखीही नसतात, त्यांत काळी टोकं असतात. या पुळ्या केसाच्या मुळात शिरलेल्या याच यीस्टमुळे होऊ शकतात. मुरमांच्या अँटिबायोटिकनं त्या वाढतात. केसाच्या मुळापर्यंत शाम्पू पुरेसा पोचत नाही, म्हणून इथे घरी प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

सातवी पायरी: वाट पाहणं आणि पुढच्या मेची तयारी

औषध सुरू करण्याच्या दिवशी खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात पाठीचा फोटो काढा. मग दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही. रंग भरून यायला दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. मधल्या काळात ठरवायचं ते नखानं. कोंडा नाही, तर औषध नाही.

मानेवर नख फिरवलेल्या त्या मुलीचा पहिला फोटो जूनचा होता. जुलैअखेर फोटोत जवळजवळ काही बदल नव्हता, आईचा धीर सुटत आला होता. पण कोंडा पूर्ण गेलेला होता, म्हणून मी काहीच दिलं नाही. नवरात्रात ती दुकानात आली तेव्हा मानेवर डाग शोधावे लागत होते.

आणि परत येणं. उपचारानंतर वर्षभरात साधारण ६० टक्के लोकांत शिबं परत येतं आणि दोन वर्षांत हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत जातो, असं त्वचारोगाच्या पुस्तकांत सापडतं. माझ्या काउंटरवरचा अनुभवही तोच. याचा अर्थ औषध वाया गेलं असा नाही. अंगावरचा भाडेकरू कायमचा घालवता येत नाही, त्याची गर्दी तेवढी कमी ठेवता येते. म्हणून डाग दिसायची वाट न पाहता, एप्रिलच्या शेवटी एकदा आणि मग ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत महिन्यातून एकदा तोच शाम्पू, तशाच पद्धतीनं, तेवढीच मिनिटं. आमच्या घरी माझ्या भावासाठी आम्ही कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी खूण करतो. कॉलेजपासून दर पावसाळ्यात पाठभर शिबं असायचं त्याच्या. आता काही वर्षं एखाद-दुसऱ्या डागावर निभावतंय.

कधी थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं

स्पर्श कमी असेल तर त्याच दिवशी, हे वर सांगितलंच. शाम्पू नीट, पुरते दिवस लावूनही दोन-तीन आठवड्यांनी नखानं कोंडा निघतोय, तर जा. डाग खडूसारखे पांढरे आहेत, लाल कड आहे, पाणी किंवा पू येतोय, दुखतंय, वेगानं पसरतंय, तर जा. मधुमेह ताब्यात नाही, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, तर सुरुवातीलाच जा. तान्ह्या बाळाला काहीही असेल तर घरी काही करू नका. वर्षातून तीन-चारदा परत येत असेल तरीही जा, कारण मग गोळ्यांचा विचार करावा लागतो आणि तो विचार डॉक्टरांचा आहे.

गोळ्यांबद्दल एवढंच सांगते. दुकानात येऊन "ती आठवड्याची एक गोळी द्या" असं म्हणू नका. फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल इतर बऱ्याच औषधांशी भांडतात, आणि कुणाला किती दिवस द्यायच्या ते यकृत आणि चालू औषधं पाहून ठरतं. किटोकोनॅझोलच्या गोळ्यांनी यकृताला धोका होतो म्हणून २०१३ साली युरोप आणि अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांनी त्यांच्यावर कडक बंधनं घातली, तो शाम्पूचा मामला नाही, गोळीचा आहे. नायट्यासाठी दिली जाणारी टर्बिनाफिनची गोळी शिब्यावर चालत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या नायट्याची उरलेली पट्टी आपल्या शिब्यासाठी घेऊ नका.

त्वचारोगतज्ज्ञ निळसर-जांभळ्या दिव्याखाली बघतील, त्यात काहींचे डाग सोनेरी-पिवळे चमकतात. किंवा डागावरचा कोंडा चिकटपट्टीनं उचलून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतील. एकदा एका ओळखीच्या लॅबमध्ये मला ते पाहायला मिळालं होतं. शेवयांच्या आखूड तुकड्यांत साबुदाणा सांडल्यासारखं दिसतं, आखूड धागे आणि गोल पेशींचे घोस. ते दिसलं की शंका संपते. ही तपासणी काही मिनिटांची आहे, सुईही टोचत नाहीत.

जाण्याआधी दोन-चार दिवस डागांवर काही लावू नका, नाही तर कोंडा मिळत नाही आणि तपासणी खोटी निघते. त्या दिवशी पाठ घासू नका. डब्यातल्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, सगळ्या पिशवीत घालून न्या. फोटो मोबाइलमध्ये तारखेनुसार ठेवा. आणि 'कोणतं मलम लावत होता?' असं विचारल्यावर स्टेरॉइडचं नाव लपवू नका, डॉक्टर रागावले तरी.